फ्लाय फिशिंगसाठी टिपेट कसं निवडायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टिपेट म्हणजे नेमकं काय? लीडर असताना ते वेगळं कशाला?

फ्लाय लाइन जाड आणि वजनदार असते, फेक तिच्याच वजनावर जाते. तिच्या टोकाला जोडलेला, मुळाशी जाड आणि पुढे निमुळता होत जाणारा पारदर्शक दोरा म्हणजे लीडर. लीडरच्या शेवटी जो एकसारख्या जाडीचा बारीक तुकडा असतो आणि ज्याला आपण फ्लाय (पिसं-केस गुंडाळून किड्यासारखा केलेला हुक) बांधतो, ते टिपेट. ट्राउटसाठीचा ९ फुटी लीडर मुळाशी साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो, टोकाशी ०.१८ मिमीच्या आसपास येतो आणि त्यापुढे ४५ ते ६० सेंमी टिपेट जोडतात.

दर वेळी फ्लाय बदलली की गाठीपुरता दोरा कापला जातो. टिपेट वेगळं नसेल तर चार-सहा फ्लाय बदलल्यावर लीडरचा निमुळता भागच खाल्ला जातो. टोक जाड होतं, बारीक फ्लायच्या डोळ्यातून ते जात नाही, आणि गेलं तरी फ्लाय पाण्यावर आदळते. टिपेट ३० सेंमीपेक्षा तोकडं झालं की लगेच नवं जोडा. लीडर मग बरेच महिने टिकतो.

स्पूलवर ५एक्स, ६एक्स लिहिलेलं असतं. हा आकडा कशाचा?

जाडीचा. आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक. ११ मधून तो आकडा वजा केला की इंचाच्या हजाराव्या भागात जाडी मिळते. ५एक्स म्हणजे ११ वजा ५, सहा हजारांश इंच, म्हणजेच ०.१५ मिमी. पूर्वी टिपेट रेशमाच्या किड्याच्या ग्रंथीपासून काढलेल्या तंतूचं असे. तो तंतू धातूच्या पट्टीतल्या भोकातून ओढून बारीक करत, आणि जितक्या वेळा ओढला तितके एक्स मोजत. १९३८ मध्ये ड्यू पाँटने नायलॉन जाहीर केलं आणि पुढे तो तंतू मागे पडला, पण मोजणी तीच राहिली.

चांगल्या नायलॉन टिपेटच्या जाड्या आणि साधारण ताकद अशी:

०एक्स: ०.२८ मिमी, साडेसहा किलोच्या आसपास
१एक्स: ०.२५ मिमी, साडेपाच किलो
२एक्स: ०.२३ मिमी, साडेचार ते पाच किलो
३एक्स: ०.२० मिमी, साडेतीन ते पावणेचार किलो
४एक्स: ०.१८ मिमी, पावणेतीन किलो
५एक्स: ०.१५ मिमी, दोन किलोच्या थोडं वर
६एक्स: ०.१३ मिमी, दीड किलो
७एक्स: ०.१० मिमी, एक किलोच्या थोडं वर

दोन कंपन्यांचं ५एक्स, पण ताकद वेगवेगळी छापलेली. मग एक्स बघायचा की किलो?

आधी जाडी, मग ताकद. फ्लाय पाण्यावर कशी उतरते आणि प्रवाहात कशी वाहते हे जाडी ठरवते. छापलेल्या किलोंशी त्याचा संबंध नाही. शिवाय छापलेला आकडा कोरड्या, सरळ, गाठ नसलेल्या दोऱ्याचा असू शकतो, आणि आपण तर गाठ मारलेला ओला दोरा वापरणार. काही कंपन्यांचं '५एक्स' मोजलं तर ४एक्सच्या जवळ भरतं, मग ताकद जास्त दिसण्यात नवल नाही. संशय असेल तर मायक्रोमीटर लावून मोजा. साधा डिजिटल मायक्रोमीटर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि या कामाला पुरतो.

एक पायरी बदलण्याचा परिणाम वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. दोऱ्याची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, ताठरपणा मात्र चौथ्या घाताच्या प्रमाणात. ५एक्सवरून ४एक्सवर आलात की ताकद एक तृतीयांशाने वाढते आणि ताठरपणा जवळपास दुप्पट होतो. म्हणूनच ४एक्सवर लाकडासारखी ओढली जाणारी बारीक फ्लाय ५एक्सवर मोकळी वाहू लागते.

कोणत्या फ्लायला कोणतं टिपेट?

फ्लायच्या हुकाचा नंबर भागिले ३. बारा नंबरच्या फ्लायला ४एक्स, सोळाला ५एक्स, अठराला ६एक्स, सहा नंबरच्या स्ट्रीमरला (पाण्यात ओढायची, छोट्या माशासारखी फ्लाय) २एक्स. अपूर्णांक आला तर ट्राउटसाठी जाडीकडे झुका.

हा ठोकताळा आहे, अपवाद बरेच आहेत. दाट केसांची, वाऱ्यात पंख्यासारखी फिरणारी ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारी) असेल तर एक पायरी जाड घ्या. हलक्या टिपेटवर ती हवेत फिरते आणि दोऱ्याला पीळ घालते. जड मण्याची निम्फही (बुडणारी, अळीसारखी फ्लाय) एक पायरी जाड मागते, कारण ती तळाच्या दगडांवर घासत जाते. स्ट्रीमर ओढताना मासा धावत येऊन धडकतो, तिथे ३एक्सपेक्षा बारीक जाऊच नका.

चूक झाली आहे हे दोऱ्यावरच दिसतं. काही फेकींनंतर टिपेट सैल सोडल्यावर ते स्वतःभोवती वळत असेल, तर फ्लायच्या मानाने ते बारीक आहे. फेक शेवटी सरळ न उलगडता फ्लाय लीडरवरच कोसळत असेल, तर टिपेट बारीक आहे किंवा लांब. फ्लाय पाण्यावर उतरताक्षणी प्रवाहाच्या उलट रेघ ओढत असेल, तर जाड किंवा तोकडं.

नायलॉन घ्यावं की फ्लोरोकार्बन?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्याचं एका शब्दात उत्तर देणारा माणूस बहुधा एकाच प्रकारचं पाणी पाहिलेला असतो.

नायलॉन मऊ असतं, गाठीत चांगलं बसतं, ताणलं जातं आणि त्यामुळे हिसका थोडा पचवतं. त्याची घनता १.१४ च्या आसपास, म्हणजे पाण्याहून किंचित जड. पृष्ठताणामुळे ते वर तरंगत राहतं. ड्राय फ्लायला हे सोयीचं. तोटे दोन. ते पाणी शोषतं आणि भिजल्यावर थोडी ताकद गमावतं, आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी काळानुसार कमजोर होतं.

फ्लोरोकार्बन म्हणजे पीव्हीडीएफ नावाचं प्लास्टिक. जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ मध्ये त्याची मासेमारीची दोरी बाजारात आणली. घनता १.७८, म्हणजे चांगलंच जड, आणि एकदा पृष्ठभाग भेदला की लवकर बुडतं. पाणी शोषत नाही, ऊन त्याचं फारसं काही बिघडवत नाही, आणि पृष्ठभाग कडक असल्याने खडकावर घासलं तरी नायलॉनपेक्षा उशिरा झिजतं. तोटे: ताठ असतं, गाठ नीट ओली करून न ओढल्यास सरकतं किंवा जळतं, आणि स्पूलची किंमत नायलॉनच्या दुप्पट-तिप्पट असते.

म्हणून: ड्राय फ्लाय आणि पृष्ठभागालगतच्या फ्लायला नायलॉन. निम्फ, स्ट्रीमर, महाशीर, खाडी आणि समुद्राला फ्लोरोकार्बन. बजेट एकाच प्रकारचं असेल तर ट्राउटसाठी चांगलं नायलॉन घ्या. स्वस्त फ्लोरोकार्बनपेक्षा ते केव्हाही बरं.

काही स्पूलवर कोपॉलिमर लिहिलेलं असतं. ते वेगवेगळ्या नायलॉनचं मिश्रण असतं, नायलॉनच्याच कुटुंबातलं. वरचं नायलॉनबद्दलचं सगळं त्यालाही लागू.

फ्लोरोकार्बन पाण्यात दिसत नाही म्हणतात. खरं आहे का?

कमी दिसतं, अदृश्य होत नाही. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लोरोकार्बनचा १.४२, नायलॉनचा १.५३ किंवा थोडा जास्त. फरक आहे, पण ०.१५ मिमीच्या दोऱ्यावर त्याचा परिणाम विक्रेते सांगतात तितका नाही. मासा दोरा पाहून जितक्या वेळा बिचकतो, त्याहून कितीतरी जास्त वेळा तो फ्लायच्या कृत्रिम चालीने बिचकतो. फ्लोरोकार्बन घ्यायचं ते झिजेसाठी आणि बुडण्यासाठी.

मासा वर येतो, फ्लाय पाहतो आणि परत जातो. टिपेट बारीक करू का?

आधी लांब करा. ६० सेंमीच्या ५एक्सऐवजी १०० सेंमी ५एक्स बांधून पाहा. लांब टिपेट पाण्यावर थोड्या वळ्यांत पडतं, आणि त्या वळ्या उलगडेपर्यंत फ्लाय प्रवाहाबरोबर मोकळी वाहते. बहुतेक वेळा माशाला खटकत असते ती वाटेत फ्लायला बसणारी सूक्ष्म ओढ. काठावरून ती डोळ्यांना दिसतही नाही, माशाला मात्र कळते.

तरीही नकार आला तर टिपेटचा तेलकटपणा काढा. पृष्ठभागावर तरंगणारा दोरा पाण्याला खड्डा पाडतो, आणि उथळ, स्वच्छ पाण्यात त्या खड्ड्याची सावली तळावर दोऱ्यापेक्षा कितीतरी जाड पडते. सावली दिसू नये म्हणून फ्लायजवळचं निदान ३० सेंमी टिपेट बुडालेलं हवं. त्यासाठीचा लेप घरी होतो: दोन चमचे मुलतानी माती, त्यात भांडी घासायचं लिक्विड थेंब थेंब घालत घट्ट गोळा होईल इतकं, आणि सुकू नये म्हणून पाव चमचा ग्लिसरीन. छोट्या डबीत भरून ठेवा. चिमूटभर घेऊन टिपेटवरून दोन-तीनदा ओढा आणि पाण्यात धुवा. फ्लायला लावू नका, ती बुडेल. हाताला सनस्क्रीन किंवा डासांचं मलम असेल तर ते टिपेटला लागून ते तरंगत राहतं. डीटवाल्या मलमाने फ्लाय लाइनचं आवरणही खराब होतं, म्हणून हात धुऊन मगच दोरा हाताळा.

या दोन्हींनंतर एक पायरी बारीक.

हिमाचलातली तीर्थन नदी किंवा काश्मीर इथल्या ट्राउटसाठी कोणती स्पूल न्यावीत?

३एक्स, ४एक्स, ५एक्स आणि ६एक्स. महाराष्ट्रातून जाणारे बहुतेक जण ७एक्स नेतात आणि ते न उघडता परत येतं.

हिमालयातले ओढे उताराचे, खळाळते, मोठ्या गोट्यांचे. तिथल्या ब्राउन ट्राउटला फ्लाय न्याहाळायला फार वेळ मिळत नाही. पाणी क्षणात पुढे जातं. त्यामुळे सपाट, संथ झऱ्याइतकं बारीक टिपेट इथे लागत नाही. मे-जूनमध्ये बर्फ वितळून पाणी दुधट होतं, तेव्हा स्ट्रीमरसाठी ३एक्स आणि निम्फसाठी ३एक्स, ४एक्स फ्लोरोकार्बन बिनधास्त वापरा. पावसाळा ओसरल्यावर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये पाणी उतरतं, काचेसारखं होतं, तेव्हा डोहाच्या शेपटीशी ५एक्स, आणि अठरा नंबरच्या फ्लायला ६एक्स. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटची मासेमारी बंद असते. बाकीच्या काळातही मत्स्य विभागाचा परवाना लागतो.

३० मीटरच्या स्पूलमधून ६० सेंमीचे ५० तुकडे निघतात. आठवडाभराच्या सहलीला ४एक्स आणि ५एक्सची दोन-दोन, बाकी एकेक पुरतात. डोंगरात दुकान नाही, म्हणून ही दोन मात्र कमी पडू देऊ नका.

महाशीरला किती जाड?

उत्तराखंडातल्या रामगंगा, शरयू, महाकालीतल्या सोनेरी महाशीरसाठी आठ किंवा नऊ वजनाचा रॉड (हे वजन म्हणजे रॉड ज्या फ्लाय लाइनसाठी आहे तिचा क्रमांक, किलो नव्हे) धरून ०.३३ ते ०.४० मिमी फ्लोरोकार्बन, म्हणजे ७ ते ९ किलोच्या आसपास. छोट्या ओढ्यांत, लहान माशांना सहा-सात वजनाच्या रॉडवर ०एक्स चालतं, पण त्याखाली जाऊ नका.

कारण महाशीर तोंडाने दोरा कापत नाही. त्याच्या जबड्यात दात नसतात, ओठ जाड आणि मऊ असतात. चिरडणारे दात घशात असतात. म्हणून तारेची गरज नाही. दोरा तुटतो तो खडकावर. फ्लाय लागली की मासा पहिली धाव प्रवाहाबरोबर खाली घेतो, सरळ दगडांच्या फटीकडे, आणि टिपेट दगडाच्या कडेवर ताणलेलं घासतं. तिथे दोऱ्याच्या ताकदीपेक्षा त्याचा कडक पृष्ठभाग आणि जाडी कामाला येते. टिपेट ९० ते १२० सेंमी ठेवा, म्हणजे खडकाला लागणारा बराच भाग फ्लोरोकार्बनचा राहील. प्रत्येक माशानंतर, आणि फ्लाय दगडात अडकून सुटली तरी, शेवटचे ५० सेंमी दोन बोटांतून ओढून पाहा. कुठे खरखर लागली तर तेवढं कापून नवी गाठ. डोळ्यांवर विसंबू नका, बारीक ओरखडा ओल्या दोऱ्यावर दिसत नाही. नखावरून ओढला तर हमखास कळतो.

सोनेरी महाशीर ही धोक्यात आलेली प्रजाती आहे, मासा पाण्यातच ठेवून सोडायचा. बारीक टिपेटवर अर्धा तास खेळवलेला मासा सोडूनही वाचेलच असं नाही. जाड टिपेट वापरण्याचं आमच्या दृष्टीने हे पहिलं कारण आहे.

आपल्याकडचा दख्खनी महाशीर कर्नल साइक्सने १८३९ मध्ये मुळा-मुठेच्या पाण्यातल्या माशांवरून वर्णिला. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरचं महाशीर बीजकेंद्र १९७० च्या दशकापासून त्याची पिल्लं तयार करत आलं आहे. महाडजवळच्या वाळणकोंडीसारख्या देवाच्या डोहांतले महाशीर गावांनी श्रद्धेने राखले आहेत, तिथे गळ टाकायचा नाही. धरणांच्या जलाशयांत मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतात, आधी त्यांना विचारा.

कोकण-गोव्याच्या खाडीत जिताड्यासाठी आणि समुद्रात सुरमईसाठी?

जिताड्याला दात म्हणावे असे नाहीत, पण ओठ-जबडे कानशीसारखे खरखरीत आणि कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी. ८ ते ९ किलोच्या टिपेटच्या पुढे ३० ते ४५ सेंमी जाड फ्लोरोकार्बन जोडा, १८ ते २५ किलोचं, म्हणजे ०.५५ ते ०.७० मिमी. याला बाइट टिपेट म्हणतात. खारफुटीच्या मुळांत आणि जेटीच्या खांबांवरच्या कालवांत हेच दोऱ्याला वाचवतं. इतका ताठ दोरा हुकाला घट्ट बांधला तर फ्लाय काठीसारखी चालते, म्हणून डोळ्यापाशी न सरकणारा मोकळा फास ठेवा.

सुरमई, बॅराकुडा यांच्यापुढे कुठलाही प्लास्टिकचा दोरा टिकत नाही, एका चाव्यात साफ. १५ ते २० सेंमी तार, १० ते १४ किलोची. तारेने चावे थोडे कमी होतील, पण फ्लाय परत येईल आणि मासा तोंडात हुक घेऊन जाणार नाही.

टिपेट लीडरला आणि फ्लाय टिपेटला कोणत्या गाठीने बांधू?

टिपेट लीडरला: सर्जन्स नॉट. थंडीने बोटं बधिर झाली असली तरी जमते आणि जाडीत तीन-चार पायऱ्यांचा फरक असला तरी धरते. लीडरचं टोक आणि टिपेट एकमेकांवर १५ सेंमी समांतर ठेवा. दोन्ही दोरे एकत्र धरून एक फास करा. टिपेटचं लांब अंग आणि लीडरचं आखूड टोक मिळून त्या फासातून नायलॉनसाठी दोनदा, फ्लोरोकार्बनसाठी तीनदा काढा. थुंकीने ओलं करा. मग चारही टोकं एकदम, सावकाश, एकसारखी ओढा. गाठ कमजोर होण्याचं नेहमीचं कारण इथे असतं: तीनच टोकं ओढली जातात, चौथं सैल राहतं, आणि गाठ नंतर माशाच्या ओढीने आवळते. शेवटी टोकं एक-दीड मिमी ठेवून कापा.

ब्लड नॉट अधिक सरळ आणि सडपातळ बसते, रॉडच्या कड्यांतून सहज जाते. पण जाडीत दोन पायऱ्यांपेक्षा जास्त फरक नको. दोन्ही बाजूंना पाच-पाच वेढे.

फ्लायला: इंप्रूव्ह्ड क्लिंच. डोळ्यातून दोरा ओवा, उभ्या दोऱ्याभोवती वेढे घ्या, टोक डोळ्यालगतच्या छोट्या फटीतून आणि मग त्यामुळे तयार झालेल्या मोठ्या फासातून काढा. ओलं करून उभा दोरा ओढा. वेढे ४एक्स ते ६एक्सला पाच, ७एक्सला सात, ०एक्स ते २एक्सला चार. जाड दोऱ्याला जास्त वेढे घातले तर ते आवळतच नाहीत. ०.३५ मिमीच्या वर क्लिंच सोडा आणि न सरकणाऱ्या फासाची गाठ मारा: ७ ते १८ किलोच्या दोऱ्याला चार वेढे, २२ ते २७ किलोला तीन.

ओलं करणं ऐच्छिक समजू नका. कोरडा दोरा झटक्याने आवळला की घर्षणाने तापतो आणि नेमका गाठीत कमजोर होतो. फ्लोरोकार्बनमध्ये हे जास्त. गाठीलगत दोरा पांढुरका किंवा कुरळा दिसला तर ती कापून पुन्हा मारा. गाठ झाली की हुक सुरक्षित धरून जोमाने ओढा. तुटायची असेल तर इथेच तुटू दे.

मासा सुटला. दोरा कुठे कमी पडला हे कळू शकतं का?

तुटलेलं टोक पाहा, बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं.

टोक डुकराच्या शेपटीसारखं कुरळं: गाठ सरकली. वेढे कमी पडले किंवा नीट आवळली नव्हती. टोक सरळ आणि गाठीपाशी स्वच्छ तुटलेलं: गाठ जळली होती, किंवा जोर खरोखरच ताकदीपलीकडचा झाला. गाठीपासून दूर, मधेच तुटलं आणि टोक खरखरीत, चपटं: खडकावर घासलं. मधेच तुटलं आणि टोकाला बारीकशी वळी: फेकताना दोऱ्यात पडलेली आपोआप गाठ. अशी एक गाठ टिपेटची ताकद निम्म्यावर आणू शकते. ती सैल असेल तर सुईने सोडवा, आवळली असेल तर कापा.

दोन फ्लाय एकत्र वापरताना?

पहिल्या फ्लायच्या हुकाच्या वळणाला ४० ते ५० सेंमी टिपेट क्लिंचने बांधा आणि त्याला दुसरी फ्लाय. हा दुसरा तुकडा वरच्यापेक्षा एक पायरी बारीक घ्या. खालची फ्लाय दगडात अडकली तर तीच तुटेल, दोन्ही जाणार नाहीत. वर ड्राय आणि खाली निम्फ असेल तर वर नायलॉन, खाली फ्लोरोकार्बन.

टिपेट रिंग लावावी का?

ट्राउटसाठी हो. २ मिमीचं कडं लीडरच्या टोकाला बांधलं की लीडर कापला जातच नाही, आणि नायलॉन-फ्लोरोकार्बनची एकमेकांत गाठही टळते. बांधताना ज्या पिनेत कडी ओवलेली येतात तिच्यातच राहू द्या आणि गाठ पूर्ण आवळल्यावर काढा, नाहीतर गवतात हरवलेलं कडं सापडत नाही. महाशीर आणि खाडीला लावू नका.

दुकानात मिळणारा साधा तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) टिपेट म्हणून चालेल?

शिकताना चालेल. मुंबई-कोकणातल्या दुकानांत मिळणारा चांगल्या कंपनीचा ०.२० मिमी तंगूस ३एक्सचं काम करतो. अडचण दोन ठिकाणी येते. स्वस्त तंगुसाची खरी जाडी छापलेल्यापेक्षा जास्त निघते आणि एकाच रिळात कमीजास्त होते. आणि तो रिळावर राहून राहून वेटोळं धरतो; ओढून, बोटांनी चोळून सरळ करावा लागतो. ०.१८ मिमीखाली मात्र खास टिपेटच घ्या, तिथे मऊपणाचा फरक लगेच जाणवतो.

लूर फिशिंगसाठी (कृत्रिम आमिषाने मासेमारी) मिळणारं फ्लोरोकार्बन लीडरचं स्पूल मात्र महाशीर आणि खाडीला अगदी योग्य. माल तोच, आणि मीटरमागे बरंच स्वस्त.

ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा, नको. तो ताणला जात नाही, पाण्यात दिसतो, तरंगतो आणि बारीक फ्लायच्या डोळ्यात गाठ धरत नाही.

टिपेट किती दिवस टिकतं?

नायलॉन एक हंगाम, जपून ठेवलं तर दोन. फ्लोरोकार्बन अनेक वर्षं. स्पूल उघडल्यावर त्यावर तारीख लिहा. गाडीच्या डॅशबोर्डवर, उन्हात, गच्चीवर ठेवू नका. मुंबईत एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत राहिलेलं नायलॉन स्पूल सरळ टाकून द्यावं. सहलीआधी परीक्षा घ्या: अर्धा मीटर तुकडा दहा मिनिटं पाण्यात भिजवा, एका टोकाला गाठीने हुक बांधा, प्रवासी बॅग मोजायच्या लटकत्या काट्याला तो हुक लावून सावकाश ओढा. छापलेल्या ताकदीच्या ७० टक्क्यांच्या आत तुटलं तर आधी गाठ पुन्हा मारून पाहा. दुसऱ्यांदाही तेच झालं तर स्पूल बदला. डोळ्यांना चष्मा लावूनच हे करा, सुटलेला हुक उडतो.

५एक्सची ताकद दोन किलो, मग दोन किलोचा मासा निघेल का?

त्याहून मोठाही निघेल. पाण्यात मासा स्वतःच्या वजनाने दोरा ओढत नाही, तो पोहण्याच्या जोराने ओढतो. पाच वजनाचा रॉड वाकवून दोऱ्यावर एक किलोचा जोर आणणंही कठीण जातं. खात्री करायची असेल तर त्याच काट्याला लाइन बांधून पाहा. टिपेट तुटतं ते झटक्याने: मासा धावत असताना रील हाताने अडवली, किंवा रॉड सरळ माशाकडे रोखला गेला आणि वाकून धक्का पचवणारं काही उरलंच नाही. रीलचा ड्रॅग (दोरा सुटताना रीलने धरलेला रोध) टिपेटच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शावर लावा.

विक्रमासाठी काही नियम?

आयजीएफए ही मासेमारीचे विक्रम नोंदवणारी आंतरराष्ट्रीय संस्था फ्लायच्या विक्रमांना टिपेटच्या ताकदीनुसार वर्ग देते. त्या वर्गाचं टिपेट गाठींच्या आत किमान ३८.१ सेंमी हवं आणि बाइट टिपेट गाठींसकट ३०.४८ सेंमीपेक्षा लांब नको. जिताड्यासाठी वर ४५ सेंमीपर्यंत सांगितलं आहे ते रोजच्या वापराचं. विक्रम नोंदवायचा असेल तर ते चालणार नाही.

कापलेल्या तुकड्यांचं काय करायचं?

खिशात. नायलॉन मांज्याने पक्ष्यांचे पंख आणि पाय कसे कापले जातात हे आपण दर संक्रांतीला पाहतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली. टिपेटचा तुकडा हा त्याच जातीचा दोरा आहे, आणि फ्लोरोकार्बन तर ऊन-पाण्याने वर्षानुवर्षं कुजत नाही. झाकणाला चीर पाडलेली छोटी डबी जॅकेटला टांगा आणि टोकं त्या चिरेतून आत सारत जा. झुडपात अडकलेला दोरा दिसला, दुसऱ्या कुणाचा असला तरी, काढून घ्या. घरी आणल्यावर ३-४ सेंमीचे तुकडे करून सुक्या कचऱ्यात टाका, म्हणजे कचरा डेपोवरच्या घारी-बगळ्यांच्या पायांत ते गुंतणार नाहीत.